मंत्री महोदय, पीएचडीची अॅडमिशन मिळते, पगार कुठे मिळतो?

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा पुण्यात एका लॅबमध्ये प्रोजेक्ट जेआरएफचा, म्हणजे प्रकल्पाच्या पैशातून नेमायच्या ज्युनिअर संशोधकाचा, वॉक-इन (थेट मुलाखत) होता. जागा एक आणि आम्ही शंभर तरी असू, एक मुलगा तर लातूरहून रात्रभर बसने आलेला. सकाळी नऊला रांगेत उभं केलं, ओरिजिनल मार्कशीट तपासल्या, झेरॉक्स जमा केल्या आणि दुपारी अडीचला एकजण बाहेर येऊन म्हणाले, प्रोजेक्टच्या निधीचा हप्ता आलेला नाही, पोस्ट रद्द. प्रवासखर्च मिळणार नाही हे जाहिरातीत आधीच लिहिलेलं होतं. तो लातूरचा मुलगा जिन्यात बसून घरी फोन लावत होता, ते डोळ्यासमोरून जात नाहीये म्हणून हे पत्र.

मी एमएस्सी केमिस्ट्री, सीएसआयआर नेट (विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) पास आहे. त्यातली जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, थोडक्यात हुकली म्हणून कॅटेगरी 2. 2024 पासून निकालात तीन कॅटेगरी केल्यात, त्यात फेलोशिपचे पैसे फक्त पहिलीला, दुसरीला असिस्टंट प्रोफेसरची पात्रता आणि पीएचडीला अॅडमिशन, तिसरीला नुसती अॅडमिशन. जेआरएफवाल्याला 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी 42,000. मी त्याच्याच शेजारच्या फ्यूम हूडवर (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटापाशी) उभी राहून तीच रिअॅक्शन लावणार, तोच कॉलम चालवणार, रात्री दहापर्यंत थांबणार, आणि मला काहीच नाही. केंद्रीय विद्यापीठात दुसरी फेलोशिप नसलेल्यांसाठी नॉन-नेट फेलोशिप तरी आहे, ती पण महिना 8,000. सुतारवाडीत माझ्या एका कॉटचं भाडं 6,000 आणि मेस 3,500, म्हणजे ती मिळाली असती तरी पुरली नसती.

आणि 2024 ची जूनची नेट परीक्षा आठवते का? 25 तारखेला सुरू होणार होती, 21 ला कळलं की पुढे ढकलली, झाली एकदम जुलैच्या शेवटी. मी अभ्यासासाठी क्लासमधली शिकवायची नोकरी सोडली होती, ती परत मिळाली नाही. वडील एसटीतून रिटायर झालेत, ते काही बोलत नाहीत, फक्त दर महिन्याला विचारतात, किती पाठवू. सत्तावीस वर्षांच्या मुलीला हे ऐकताना काय वाटतं ते तुम्हाला कसं सांगू!

2023 ला संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला, पाच वर्षांत 50,000 कोटी असं ऐकलं तेव्हा आमच्या हॉस्टेलवर खरंच आनंद झाला होता. नंतर वाचलं की त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून, कंपन्यांकडून वगैरे यायचेत. ते येतील तेव्हा येतील, लॅबमधल्या मुलाचं भाडं एक तारखेलाच द्यावं लागतं. 2020-21 च्या सरकारी आकड्यात देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या 0.64 टक्के होता आणि भाषणात मात्र आपण विश्वगुरू. पाषाण रोडवर एवढ्या मोठ्या संस्था आहेत, पण घरून पैसे येणाऱ्यालाच आत टिकता येत असेल तर बार्शी-लातूरच्या पोरांनी सायन्सला यायचंच कशाला?

अॅडमिशन देताय तर सोबत जगण्यापुरते पैसे द्या, आणि प्रोजेक्टचे हप्ते वेळेवर सोडा. पुढच्या आठवड्यात अजून एक वॉक-इन आहे, मी जाणार आहे. जाहिरातीत पगार लिहिलाय, पैसे खात्यात आलेत का ते लिहिलेलं नाही. एवढी एक ओळ छापणं तरी सगळ्या लॅबना सक्तीचं करा.

आपली,
एक नेट पास उमेदवार, पुणे