मधुमेही सभासदांसाठी: रविवारी लघवीचा नमुना आणताना

मधुमेहाने किडनीला इजा होतेय का, हे तपासायला रविवारी सकाळी साडेसातला नमुने घेऊ. उठल्यावरची पहिलीच लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली; 20-30 मिली पुरे. डबी लॅबचीच. लोणच्याची धुतलेली बाटली आणू नका, मागे आणल्यात!

शनिवारी सिद्धेश्वर तलावाभोवती जोरात चालणं बंद. दमछाक, ताप, लघवीची जळजळ, मासिक पाळी यांनी लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत गळणारं प्रथिन) तात्पुरतं वाढलेलं दिसतं.

चिठ्ठीवर ‘अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’च लिहिलंय ना, बघा (क्रिएटिनिन म्हणजे किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ); लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीला सुरुवातीची गळती सहसा दिसत नाही. 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या आत ठीक. जास्त आलं तर 3 ते 6 महिन्यांत आणखी दोनदा तपासा. तीनपैकी दोन वाढीव आले तरच गळती पक्की. रक्तातून ईजीएफआरही (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज) काढून घ्या. नुसतं ‘रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल’ ऐकून निर्धास्त होऊ नका, किडनीचं काम बरंच घटेपर्यंत ते जागचं हलत नाही.