सात सदस्य, चौदा कान

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय: बधिरांच्या नाटकासाठी नेमलेल्या मार्गदर्शक समितीत एकही बधिर नसल्याबाबत.
संदर्भ: आपण दिलेला शब्द (जावक क्रमांक नाही).

आपलं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. पत्र पोचेपर्यंत खातं बदललेलं असायचं.

गेल्या ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, आपण आमचा अर्ध्या तासाचा प्रयोग पूर्ण पाहिलात. हे आवर्जून लिहिते, कारण आमच्याकडचे बहुतेक पाहुणे दीपप्रज्वलन झालं की निघतात. शेवटी आपण मंचावर आलात आणि टाळ्या न वाजवता दोन्ही हात उंच करून हलवलेत, आमची टाळी तशीच असते. कुणीतरी आधी शिकवून ठेवलं असणार, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग आपण म्हणालात की सांकेतिक भाषेतल्या नाटकासाठी कायमची योजना आणू आणि तिचं सुकाणू बधिरांच्याच हातात राहील. आमच्या दुभाष्याने ‘हातात’ हा शब्द दोनदा करून दाखवला होता.

२३ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनाचा मुहूर्त साधून, समितीची यादी व्हॉट्सॲपवर आली. दोन ज्येष्ठ रंगकर्मी, एक निवृत्त अधिकारी, एक कानाचे डॉक्टर, एक वाचा-उपचार तज्ज्ञ, एक विशेष शिक्षिका. सातव्या सदस्यांच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे ते कुणाचे तरी असणार. चौदाच्या चौदा कान ठणठणीत. बधिर शून्य. नाटकाच्या समितीवर कानाचा डॉक्टर कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. उद्या संगीत नाटकाच्या समितीवर घशाचे डॉक्टर नेमणार का?

आणि कागदावर आम्ही ‘मूकबधिर’. साहेब, मूक कोण? आमच्या तालमीला एकदा येऊन बघा, कुणी गप्प बसत नाही.

आमच्या संस्थेचे नऊ विश्वस्त आहेत, सहा बधिर आणि तीन ऐकणारे. अध्यक्ष वेल्डिंग करतात, कार्यवाह ब्लाउज शिवते, मी एका कारखान्यात डेटा एन्ट्री करते आणि संस्थेची खजिनदार आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही गोलात बसतो. रांगेत बसून चालत नाही, ज्याचे हात दिसले नाहीत त्याचं मत बुडालं. एका वेळी एकानेच बोलायचं, थांबवायचं असेल तर दिव्याचं बटण चालू-बंद करायचं. ऐकणारे तिघे सुरुवातीला आपसात तोंडाने कुजबुजायचे. दर वेळी दहा रुपये दंड लावला. त्या पैशांत वर्षभराचा चहा निघाला.

नाटक निवडताना आमचा पहिला प्रश्न कथेचा नसतो, पात्राच्या हातात काय आहे याचा असतो. दोन्ही हातांत घागर दिली की नटीची वाचाच गेली. काळोखातला प्रवेश आमच्याकडे नाही. कपडे एकरंगी आणि हाताच्या रंगाहून वेगळे हवेत, नाहीतर बोटं हरवतात. भुवई वर गेली तर तेच वाक्य प्रश्न होतं, म्हणून चेहऱ्यावर उजेड कमी पडला की अर्थ बदलतो. एकदा एका ऐकणाऱ्या मार्गदर्शकांनी ‘मूड’साठी अख्खा प्रवेश निळ्या प्रकाशात घेतला. मागच्या पाच रांगांना दहा मिनिटं काही कळलं नाही, आणि त्या रांगांत आमचीच माणसं होती. वर्तमानपत्रात प्रकाशयोजनेचं कौतुक आलं.

यादी पाहिल्यावर मी आपल्या कार्यालयाला चार ईमेल पाठवले. उत्तर आलं ते फोनवर. मला, फोन! माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला ऐकू येतं. गणिताचं पुस्तक बाजूला ठेवून तिने फोन घेतला. पलीकडचे म्हणाले, घरातल्या मोठ्या माणसाला दे. ती म्हणाली, मोठी माणसं इथेच आहेत, तुम्ही बोला, मी हातांनी सांगते. मग ते काय म्हणाले ते तिने मला लगेच सांगितलं नाही. रात्री जेवताना सांगितलं: “आई, ते म्हणाले, समितीत बोलता येणारी माणसं लागतात.” अकरा वर्षांच्या पोरीने हे वाक्य स्वतःच्या हातांनी स्वतःच्या आईला सांगायचं. तुमच्या कोणत्या जीआरमध्ये बसतं हे?

माझं स्वतःचं बालपण असंच गेलं. शाळेत हात मांडीखाली दाबून बसवायचे, कारण खुणा केल्या तर म्हणे बोलणं येत नाही. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हणायचा, पट्टी हलली पाहिजे. तीन वर्षं मी पट्टी हलवली. गोष्ट म्हणजे काय ते मला नवव्या वर्षी कळलं, वसतिगृहात, दिवे गेल्यावर, एका मोठ्या मुलीने टॉर्चच्या उजेडात हातांनी सांगितली तेव्हा. माझं पहिलं नाटक तेच.

हा प्रकार कुठून आला तेही सांगते. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणाची परिषद भरली. दीडशेहून अधिक प्रतिनिधींत बधिर फक्त एक. तिथे ठरलं की शाळांमध्ये तोंडाचीच भाषा चालेल. जगभर शंभर वर्षं त्याचे भोग भोगले. पण हिशेब बघा, तुमच्या समितीपेक्षा तिथे एक बधिर जास्तच होता!

अमेरिकेत वॉशिंग्टनला गॅलॉडेट विद्यापीठ आहे, १८६४ पासून बधिरांसाठी चालतं. १९८८ च्या मार्चमध्ये विश्वस्तांनी पुन्हा एकदा ऐकणारीच अध्यक्ष निवडली. विद्यार्थ्यांनी फाटकं बंद केली, आठवड्याभरात बधिर अध्यक्ष मिळवला. पण मला त्यांची दुसरी मागणी जास्त आवडते: विश्वस्त मंडळात एक्कावन्न टक्के बधिर हवेत. तीही मान्य झाली. पोरांना कळलं होतं की खुर्चीपेक्षा खुर्ची देणारे कोण, ते महत्त्वाचं. तीन वर्षांनी लॉस एंजेलिसला एड वॉटरस्ट्रीट या बधिर नटाने डेफ वेस्ट थिएटर काढलं. २००३ आणि २०१५ मध्ये त्यांची संगीत नाटकं ब्रॉडवेवर गेली. संगीत नाटकं, साहेब. कानाच्या डॉक्टरांना विचारा, हे शक्य आहे का.

आपल्याकडे कागद कमी नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ काढा. दिव्यांग कलाकारांना सुविधा, पाठबळ आणि प्रायोजकत्व देणं हे सरकारचं काम आहे, असं त्यात लिहिलंय. २००७ साली भारताने मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात सांकेतिक भाषा आणि बधिरांची संस्कृती हे शब्द आहेत. २०२२ मध्ये आपल्या राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण खातं काढलं, त्याचे फलक मी पाहिले, मोठे होते. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकू न येणारे पन्नास लाखांहून जास्त. यांतून समितीला एक सापडला नाही? सापडतो हो. दिव्यांगांसाठीच्या पंधरवड्याची फेरी असली की आम्ही पहिल्या रांगेत, फोटोत मधोमध, आणि समिती आली की गायब.

पैशांचंही बोलते, खजिनदार आहे. अनुदानाच्या अर्जाला तीन वर्षांचं ऑडिट जोडलं, ‘दर्पण’ या सरकारच्या संस्था-नोंदणी पोर्टलचा क्रमांक जोडला. तर म्हणाले, चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयातली नोंद) मंजूर झालेला नाही, आणि नाटकाची संहिता मराठीत टंकलिखित हवी. आमचं नाटक हातांत आहे, त्याचा व्हिडिओ दिला. व्हिडिओ ‘ग्राह्य’ नाही. तारीख जायला नको म्हणून नाट्यगृहाचं भाडं भरलं, त्यासाठी माझ्या पाटल्या सोनाराकडे ठेवल्या. सासूबाईंनी दिलेल्या होत्या. त्यांना अजून माहीत नाही, आता कळेल.

मराठीत ‘कानाडोळा’ हा शब्द मला फार आवडतो. आमच्यापाशी नुसता डोळा आहे, तरी तो आम्ही कधी फिरवला नाही. तुमच्यापाशी दोन्ही आहेत.

यादी रद्द करा. नवी करताना निम्म्याहून जास्त बधिर घ्या, तेही नाटक करणारे. बैठकीला दुभाषा ठेवा आणि त्याचं मानधन द्या, दर वेळी कुणाच्या तरी मुलाला शाळा बुडवायला लावू नका. डॉक्टरसाहेबांना प्रेक्षक म्हणून बोलवा, आम्ही त्यांना पहिल्या रांगेत बसवू.

आपली,
एक विश्वस्त आणि खजिनदार

ता. क.: माझ्या मुलीची सहामाही परीक्षा सुरू आहे. कृपया फोन करू नये.