पायाचं माप कागदावर काढून पाठवा

ते आनाऊ, न्यूझीलंड
१६ डिसेंबर

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले, "तंबूत झोपायचं असेल तर सगळं सामान इथूनच घेऊन येतो, तिकडे महाग पडेल." आवाज तुटत होता म्हणून मी नुसतं "बघू" म्हणाले. पण ही गोष्ट "बघू"वर सोडायची नाही, म्हणून आज निवांत बसून लिहिते आहे. फेब्रुवारीत तुम्ही येताय. पायात घालायचं आणि रात्री अंगाखाली-अंगावर घ्यायचं काहीही तिकडून विकत घेऊन आणू नका. ते आपण इथे दुकानात बसून, घालून-काढून बघू. काही गोष्टी भाड्याने घेऊ. आणि चुलीचा गॅस तर विमानातून आणताच येत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि खाली दिलेल्या बॅगेतही नाही.

आधी विमानतळावरचं सांगते, कारण ते मी फोनवर सांगितलंच नव्हतं. या देशात येताना एक फॉर्म भरावा लागतो. वापरलेले बूट, तंबू, चालायच्या काठ्या असं काही सोबत आहे का, हे त्यात विचारतात. मी सगळं "हो" लिहिलं. तिथल्या बाईंनी माझे बूट उलटे करून तळ पाहिला, तंबू उघडून बघायला आत नेला आणि शेवटी बाबांची जुनी सॅक हातात घेतली. बाबा, मी ती निघायच्या आधी दोनदा धुतली होती. तरी त्यांनी तळाची शिवण अंगठ्याने उलगडली आणि चिमट्याने आतून तीन कुसळं काढून पांढऱ्या कागदावर ठेवली. वाळलेली, पिवळी, एकीला अजून मातीचा कण चिकटलेला. तुम्ही ती सॅक पाठीला लावून हिंडत होतात तेव्हापासून ती तिथेच असणार. मला एकदम भरून आलं. त्यांनी कागदाची घडी केली, "आधीच सांगितलंत ते बरं केलं" म्हणाल्या आणि सॅक परत दिली. न सांगता असं काही सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे.

हे लोक उगाच कडक नाहीत. २००४ मध्ये इथल्याच वायाऊ नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ते दगडांवर जाड थर करून पसरतं आणि ओल्या बुटांवरून, जाळ्यांवरून एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं. ती नदी या माझ्यासमोरच्या ते आनाऊ तळ्यातूनच निघते. म्हणून इथे जागोजागी पाट्या आहेत: तपासा, धुवा, वाळवा. तेव्हा बाबा, तुमचे रोजचे फिरायचे बूट आणायचे असतील तर जुन्या टूथब्रशने तळाच्या खाचा स्वच्छ करा, पूर्ण वाळवा आणि फॉर्ममध्ये लिहा.

आता माझी चूक. उतरल्या-उतरल्या पहिल्याच शहरात एका दुकानात सेल होता. तिथे घाईघाईने एक जाकीट घेतलं. रंग छान, वजन हलकं. पाणी रोखणारं आणि पाणी थोडंफार अडवणारं यात फरक असतो आणि तो चिठ्ठीवर लिहिलेला असतो, पण मी चिठ्ठी वाचलीच नाही. दुसऱ्याच दिवशी पाऊस लागला. तासाभरात सॅकच्या पट्ट्यांखालचे दोन्ही खांदे चिंब झाले आणि तिथून पाणी पाठीवर उतरायला लागलं. परत द्यायला गेले तर दुकानदाराने घेतलं नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. इथे १९९३ चा ग्राहक हमी कायदा आहे. वस्तूत दोष असला तर दुकानाला दुरुस्ती, बदली किंवा पैसे यांपैकी काहीतरी द्यावंच लागतं. पण आपण चुकीची वस्तू निवडली तर तो दोष धरत नाहीत.

तेव्हापासून जाकीट उलटं केल्याशिवाय मी घेत नाही. आतल्या प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली हवी. सुईच्या भोकातूनच पाणी आत येतं, कापडातून नंतर. कापडाची ताकद मिलिमीटरमध्ये लिहितात. १०,००० मिमी म्हणजे त्या कापडावर १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळायचं नाही. एवढं कशाला, असं तुम्हाला वाटेल. इथून पुढे रस्त्याने मिल्फर्ड साउंड नावाची समुद्राची खाडी लागते, तिथे वर्षाला ६ मीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाची जाकिटं आणि पँट तुम्हा दोघांसाठी भाड्याने घ्यायची, हे मी ठरवून टाकलं आहे. चार दिवसांसाठी विकत घ्यायची ती वस्तू नाही.

स्लीपिंग बॅगही भाड्याचीच. पण आई, तुझ्यासाठी मी स्वतः आकडे वाचून घेणार आहे. बॅगेवर दोन तापमानं लिहिलेली असतात. एक आरामाचं, ते सर्वसाधारण बाईच्या अंगमानावरून काढतात. दुसरं शेवटच्या मर्यादेचं, ते अंग आखडून झोपलेल्या पुरुषावरून. दुकानात बरेचदा हे दुसरंच ठळक दिसतं. तुला पंख्याखालीही चादर लागते, तेव्हा आपण पहिला आकडाच धरायचा. फेब्रुवारी इथला उन्हाळा, तरी रात्री पारा १० च्या खाली येऊ शकतो. आत घालायचं रेशमी अस्तर मात्र तुमचं स्वतःचं घेऊ. ते मुठीत मावतं, धुता येतं आणि भाड्याच्या बॅगेत झोपायला संकोचही वाटत नाही.

बॅगेपेक्षाही मॅट महत्त्वाची, हे मला इथे येऊन कळलं. अंगाच्या भाराने बॅगेतली पिसं दबतात आणि खालून जमीन ऊब ओढून घेते. मॅटवर 'आर' नावाचा आकडा असतो. जितका जास्त, तितकी ती जमिनीची थंडी अडवते. मी १ च्या आसपासची पातळ मॅट घेऊन दोन रात्री कुशी बदलत काढल्या. तुमच्यासाठी ३ च्या वरची, हवा भरायची, जाड मॅट बघून ठेवली आहे. जाड हवी ती आईच्या गुडघ्यांसाठीही. त्याच कारणाने तंबूही मी आत बसून बघितला. बाहेरून दिसायला सगळे सारखेच. आत मांडी घालून बसलं तर डोकं टेकतं का, आणि दार कुशीला आहे की पायाशी, हे बघायचं. पायाशी दार असलं की रांगत बाहेर यावं लागतं. आईला ते जमणार नाही आणि तिने ते करूही नये. कुशीला दार असलेला तिघांचा तंबू मिळाला आहे.

गॅसचं सांगायचं राहिलं. मी राहते त्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एक फळी आहे. घरी निघालेले लोक त्यांचे अर्धवट राहिलेले गॅसचे डबे तिथे ठेवून जातात, कारण विमानात नेता येत नाहीत. ज्याला हवा तो उचलतो. किती गॅस उरला आहे ते बघायला डबा पातेल्यातल्या पाण्यात सोडायचा. भरलेला खोल बुडतो, रिकामा वर तरंगतो. काल मी आणि एक मुलगी पातेलं भरून चार डबे तपासत बसलो होतो. दोन चांगले निघाले. चहापुरती आपली सोय झाली.

खरेदी सगळी दुःखाची नाही हो. इथे 'काठमांडू' नावाच्या दुकानांची साखळी आहे, १९८७ मध्ये याच देशात सुरू झालेली. अनोळखी शहरात ती पाटी पाहून मला कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं. आणि बाबा, इथल्या पाच डॉलरच्या नोटेवर हिलरींचा चेहरा आहे. १९५३ मध्ये ते आणि तेनसिंग एव्हरेस्टवर पोचले ती गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितली असेल! एक कोरी नोट तुमच्यासाठी वहीत दाबून ठेवली आहे. आई, तुझ्यासाठी मेरिनो लोकर आणि पॉसमच्या केसांचे मोजे घेतले. पॉसम हा ऑस्ट्रेलियातून आणलेला प्राणी. तो इथलं जंगल आणि पक्ष्यांची अंडी खातो म्हणून त्याला इथे उपद्रवी मानतात. मोजे हलके आहेत आणि हात घातला की लगेच ऊब लागते. किमतीत १५ टक्के जीएसटी धरलेलाच असतो, आणि पर्यटकांना तो विमानतळावर परत मिळत नाही. तेव्हा बाबा, पावत्यांचा हिशेब तुम्ही त्यासाठी ठेवू नका.

आता बूट. माझे मी दुपारी चारनंतर घेतले, कारण दिवसभर चालून पाय थोडे फुगतात आणि सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो. दुकानातल्या आजीबाईंनी मला नाड्या सैल सोडायला लावून पाय पुढे सरकवायला सांगितला आणि टाचेमागे स्वतःचं बोट घालून बघितलं. बोट नीट बसलं तेव्हाच नाड्या बांधल्या. मग एका उतरत्या फळीवरून मला चार वेळा खाली चालवलं. उतरताना अंगठा पुढे टेकला तर तो बूट नाही घ्यायचा, नख काळं पडतं. माझा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

आपण चालणार आहोत तो केपलर ट्रॅक नावाच्या पायवाटेचा सुरुवातीचा टप्पा, तळ्याच्या काठाकाठाने, बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून. ब्रॉड बेपर्यंत ५.६ किलोमीटर, जवळजवळ सपाट. पूर्ण ट्रॅक ६० किलोमीटरचा आहे, तो आपण करत नाही आहोत. ब्रॉड बेला तंबू लावायची जागा आहे, एक रात्र तिथे राहायचं. आईचे गुडघे त्या दिवशी कुरकुरले तर तळ्यातून बोटीने थेट तिथे जाता येतं, मी आणि बाबा चालत येऊ. चालायच्या काठ्या दोघांनाही घेतेच आहे. सँडफ्लाय नावाच्या बारीक, चावणाऱ्या माश्या भरपूर आहेत, उन्हाळ्यात तर जास्तच. लांब बाह्यांचे फिकट कपडे आणा. आणि मदतीचा संदेश उपग्रहाला पाठवणारं यंत्र भाड्याने मिळतं, ते त्या एका रात्रीसाठीसुद्धा मी घेणार आहे. तुम्ही सोबत असताना मला कसलीच जोखीम नको.

अडचण एवढीच की गाव लहान आहे. आईच्या मापाचे, चवड्याला रुंद असे बूट इथे नेहमी नसतात, आधी सांगून मागवावे लागतात. म्हणून हे पत्र.

मी पहिलीत असताना बाबांनी जुन्या वर्तमानपत्रावर मला उभं करून पेन्सिलीने पायाची कड काढली होती. करंगळीपाशी गुदगुल्या झाल्या म्हणून मी हलले आणि त्यांनी पुन्हा नवा कागद घेतला. तसंच करायचं. संध्याकाळी, मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं. पेन्सिल सरळ उभी धरायची, आत तिरपी नको. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा आणि डावा-उजवाही लिहा. आईच्या पायाची कड बाबांनी काढा आणि बाबांच्या पायाची आईने. आपलं माप आपण वाकून घेतलं की भार पुढे जातो आणि चुकतं. शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. शुक्रवारी मी दुकानात जाणार आहे.

तुमची,
मनू