लाल शाईचं पेन काढून ठेवा

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. आई-बाबा यांना,
सा. न.

राजाराम बंधारा परवाच पाण्याखाली गेला. पाऊस असाच राहिला तर या रविवारी गडहिंग्लजला येणं काही जमायचं नाही. आई, तू फोनवर विचारलंस, "या वयात कसला क्लास लावलायस?" वेबसाइट बनवायचा. पुढचं मात्र बाबांना सांगायचंय, आणि ते फोनवर दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून पत्र.

बाबा, तुम्ही छापखान्यात हस्तलिखितावर लाल शाईनं खुणा करायचात ना, हा मथळा, हे ठळक, इथं नवा परिच्छेद? वेबसाइटचं पान ज्या भाषेत लिहितात, ते एचटीएमएल म्हणजे तेच. त्यातला 'एम' मार्कअपचा, आणि तो शब्दही छापखान्यातूनच आलाय. खूण उघडायची, मजकूर लिहायचा, खूण मिटवायची. मी 'ठळक'ची खूण मिटवायला विसरले, तर खालचं अख्खं पान ठळक! ब्राउझर चकार शब्द काढत नाही. तुमच्या फोरमननं कान उपटला असता.

पान दिसावं कसं, ते सीएसएसमध्ये लिहायचं. तिथं एक अर्धविराम राहिला की तो नियम आणि त्याच्या पुढचाही, दोन्ही मुकाट गळतात. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

पण खरी गंमत मराठीची. पहिल्या दिवशी 'चटणी' लिहिलं आणि दिसली नुसती परदेशी चिन्हं. कॉम्प्युटर अक्षरं आकड्यांच्या तुकड्यांत, म्हणजे बाइटांत साठवतो; यूटीएफ-८ या पद्धतीत आपलं एकेक अक्षर, काना-मात्रासुद्धा, तीन बाइटांत बसतं. पानाच्या डोक्यावर तसं सांगितलं नव्हतं, म्हणून ब्राउझरनं प्रत्येक बाइट वेगळं अक्षर धरलं. मग इंग्रजी साइटींचं बघून मथळ्याची अक्षरं जरा लांब लांब ठेवली, तर शिरोरेघ तुटली! सरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मला मात्र तुमचं "शिरोरेघ तुटली की शब्द मेला" आठवलं आणि अंतर पुन्हा शून्यावर आणलं. ओळीही सुट्या केल्या, कारण वरचा उकार खालच्या रफाराला जाऊन भिडत होता. खिळे जुळवताना तुम्ही हेच सांभाळत होतात.

कॉम्प्युटरवर जुळणी करायचं डीटीपी आलं, खिळ्यांच्या केसी भंगारात गेल्या, तेव्हा तुम्ही कॉम्प्युटरला हात लावायचा नाही म्हणालात. मी कॉलेजात होते, तुम्हाला हट्टी म्हणाले होते. ते मनातून जात नाही.

आई, पान तुझ्या कांदा-लसूण चटणीचं आहे. कृतीला आपोआप आकडे पडतात, पण 'अंदाजानं खोबरं' चालायचं नाही, ग्रॅम कळव. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी फोटोला वर्णन द्यावं लागतं; ते त्यांचं यंत्र वाचून दाखवतं. चटणीचा रंग तू कसा सांगशील?

बाबा, छापील प्रत सोबत जोडली आहे. मुद्रितशोधन करून पाठवा. मार्जिन रुंद सोडलंय.

तुमची,
बेबी