रहस्यकथांची फाईल कुणी उघडायची?

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: मराठी रहस्यकथांची समग्र सूची तयार करण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांनी एकूण किती पुस्तकं लिहिली, हा साधा प्रश्न आपल्या विभागात कुणालाही विचारून बघा. हजाराच्या वर, एवढं उत्तर लगेच मिळेल. नेमकी किती म्हणाल, तर प्रत्येकाचा आकडा वेगळा. त्यांच्या नायकांपैकी झुंजारची किती, काळापहाडची किती, धनंजय-छोटूची किती, कुठलं पुस्तक कोणत्या साली निघालं, कोणी काढलं, हे सांगणारा एकही सरकारी कागद माझ्या पाहण्यात नाही. गुरुनाथ नाईकांचंही तेच. गोलंदाज, गरुड, शिलेदार, कॅप्टन दीप अशा नायकांच्या हजाराहून जास्त कादंबऱ्या त्यांच्या नावावर सांगतात. आकडा सगळ्यांना पाठ आहे, यादी कुणाकडे नाही. सुशि, म्हणजे सुहास शिरवळकर, त्या मानानं नशीबवान. ते २००३ साली गेले, पण त्यांचे नायक मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि दारा बुलंद अजून नव्या वाचकाला भेटतात. प्रश्न आहे तो या तीन लेखकांच्या मागे उभ्या असलेल्या गर्दीचा. महिन्याला एक पुस्तक हातावेगळं करणारे कितीतरी लेखक होते, आणि त्यांची नावंही आता जुन्या वाचकाला आठवून आठवून सांगावी लागतात.

मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, त्यामुळे हे सगळं मला कपाटाच्या बाजूनं दिसतं. आमच्याकडे उरलेल्यांपैकी एक पुस्तक आत्ता टेबलावर आहे. तळहाताएवढं. मुखपृष्ठावर हॅट घातलेला इसम, त्याच्या मागे अर्धवट उघडं दार. दोन पिना गंजून त्यांचा तांबूस डाग मधल्या पानांवर उतरलाय. कागद चहाच्या रंगाचा झालाय आणि पान दुमडलं तर दुमडीवरच तुटतं. आतल्या बाजूला परतीच्या तारखांचे शिक्के एकावर एक. आणि पहिल्या पानावर, कथा सुरू होण्याआधीच, कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: ‘खुनी वकील आहे.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात त्या वाचकाला दिलेली शिवी आहे, ती इथे देत नाही. शेवटच्या पानावर पुढच्या महिन्याच्या पुस्तकाची जाहिरात. साल कुठेच नाही.

या कागदाचं आयुष्य मुळातच थोडं. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहून जातं. हवा-उजेड लागला की ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद आतून ठिसूळ होतो. त्यात या पुस्तकांना पुठ्ठ्याची बांधणी नसायचीच. एसटी स्टँडवर घ्यायचं, प्रवासात संपवायचं आणि उतरताना शेजाऱ्याला देऊन टाकायचं, एवढ्यासाठीच ती छापली जात.

वाचनालयात गेलेल्या प्रती तरी टिकल्या असतील, असं आपल्याला वाटेल. उलट झालं. फाटलेली, पानं गळालेली पुस्तकं रीतसर ठराव करून निर्लेखित केली जातात, म्हणजे संग्रहातून काढली जातात, आणि रद्दीत जातात. यात कुणाची चूक नाही, जागा तेवढीच असते. पण जे पुस्तक सगळ्यात जास्त हातांत फिरलं तेच सगळ्यात आधी फाटतं. त्यामुळे आमच्या कपाटांत कुणी कधी न उघडलेले गौरवग्रंथ करकरीत उभे आहेत आणि रहस्यकथांच्या फळीवर मोजकी पुस्तकं आडवी पडलीत. गल्लोगल्लीच्या खासगी लायब्रऱ्या, जिथून ही पुस्तकं दिवसाच्या भाड्यानं मिळत, त्या बंद पडल्या तेव्हा तर ठरावही झाला नाही. सरळ वजनकाटा.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा मलाही आनंद आहे. शिलालेख, ताम्रपट, लीळाचरित्र यांचा अभ्यास व्हायलाच हवा. पण आठशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आणखी दहा वर्षं आपली वाट बघू शकतो. १९६० चं पॉकेट बुक तेवढं थांबेल याची खात्री नाही.

आपल्याकडे सूचीची परंपरा मोठी आहे. शंकर गणेश दात्यांनी मराठी ग्रंथसूचीचे दोन खंड केले, १८०० ते १९५० पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांचे. ज्यांनी ते हाताळलेत त्यांना त्यामागचे कष्ट ठाऊक आहेत. पण रहस्यकथेचा खरा पूर आला तो १९५० नंतर, आणि या पुस्तकांना नेहमीची सूची पुरतही नाही. तीच कथा दुसऱ्या नावानं पुन्हा निघते. साल छापलेलं नसतं. टोपणनावांचा घोळ तर विचारू नका. खुद्द अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. वाचक शोधतो नायकाच्या नावानं, ग्रंथपाल नोंदवतो लेखकाच्या. म्हणून मला हवी असलेली सूची नायकांसकट, मुखपृष्ठाच्या चित्रकारासकट, मालेच्या नावासकट आणि शक्य तिथे ‘हेच पुस्तक पूर्वी अमुक नावानं’ अशा नोंदीसकट व्हायला हवी.

आता मुद्द्याचं. या तपासाचे धागेदोरे सरकारच्याच कपाटात आहेत. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्यानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत मुद्रकानं सरकारकडे द्यायची होती. त्यावरून दर तीन महिन्यांनी पुस्तकांची यादी राजपत्रात प्रसिद्ध करायची, असंही त्या कायद्यात होतं. आणि यादीत काय काय असावं? नाव, भाषा, लेखक, मुद्रक, प्रकाशक, प्रसिद्धीची तारीख, पानं, आकार, आवृत्ती, किती प्रती छापल्या, किंमत किती. किती प्रती छापल्या! मराठी प्रकाशकाच्या तोंडून हा आकडा काढणं काळापहाडालाही जमलं नसतं, आणि इथे कायद्यानं तो मागितला होता. सगळ्याच मुद्रकांनी प्रती पाठवल्या असतील असं मी म्हणत नाही. पण जेवढ्या पाठवल्या तेवढ्यांची जन्मतारीख त्या यादीत असणार.

दुसरा धागा १९५४ चा केंद्रीय कायदा. प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरावीक ग्रंथालयांना द्यायची. त्यात मुंबईची एशियाटिक सोसायटीही आहे. न दिल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. दंडाला घाबरून कुणी प्रती पाठवल्या असतील असं वाटत नाही, तरी काहींनी पाठवल्याच असतील. एशियाटिकच्या टाउन हॉलमधल्या कपाटांत झुंजार किती आहेत, हे कुणीतरी एकदा मोजायला हवं.

तिसरा धागा आमच्यासारख्यांकडे. पुस्तक रद्दीत गेलं तरी दाखल नोंदवही जात नाही. तीत पुस्तकाचं नाव, किंमत आणि ते आल्याची तारीख असते. राज्यात सार्वजनिक वाचनालयं हजारोंनी आहेत. जुन्या नोंदवह्यांच्या त्या काळच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून पाठवा, एवढं एक परिपत्रक निघालं तरी अर्धं काम होईल. रहस्यकथा छापणाऱ्या ‘नवल’ आणि ‘धनंजय’ या दिवाळी अंकांचे जुने संच ज्यांच्या घरी आहेत असे वाचकही आहेत, आणि कुणीतरी विचारावं याची वाटच ते बघत असतात.

हे साहित्य हलकं आहे, हा आक्षेप येईलच. त्यातलं बरंच हलकं होतं. पुष्कळशा कथा इंग्रजीवरून उचललेल्या होत्या, काही तर नावं बदलून जशाच्या तशा. घाईनं लिहिलेल्या, मुद्रितं न तपासता छापलेल्या. बाई दिसली की एक तर तिला पळवून न्यायचं नाही तर तिच्या पर्समधून पिस्तूल काढायचं. मला त्यातली दहातली सात पुस्तकं आज वाचवत नाहीत. पण सूचीला चवीशी देणंघेणं नसतं. गिरणीतून सुटलेला कामगार, दुपारी घरी एकटी असलेली बाई, अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचणारा मुलगा यांना हजारो पानं मराठी वाचायला लावलं ते या पुस्तकांनी. त्या काळातल्या मराठी वाचकाचा इतिहास लिहायचा झाला तर ही पुस्तकं बाजूला ठेवून तो लिहिताच येणार नाही.

शेजारी बघा. ब्योमकेश बक्षी या बंगाली गुप्तहेराच्या कथा लिहिणारे शरदिंदू बंद्योपाध्याय चित्रपटांच्या कामानं मुंबईत आले आणि १९५२ च्या सुमारास पुण्यात स्थायिक झाले. बंगाल्यांच्या या लाडक्या सत्यान्वेषीच्या, म्हणजे ब्योमकेशच्या, कितीतरी कथा आपल्या पुण्यात लिहिल्या गेल्या. बंगाल्यांनी त्याला जपला, दूरदर्शनच्या मालिकेनं १९९३ साली तो घरोघर नेला. तमिळ पॉकेट कादंबऱ्यांचे निवडक वेचे इंग्रजीत पुस्तकरूपानं आले आणि देशभर वाचले गेले. आपल्यातलं काही निवडायचं म्हटलं तर निवडणार कशातून? त्यासाठीही आधी यादीच लागते.

स्कॅनिंगचं नाव काढलं की अधिकारी कॉपीराइटचं नाव काढतात, म्हणून तेही लिहितो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. अर्नाळकर १९९६ साली गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं २०५६ अखेरपर्यंत वारसांची, आणि ती वारसांना न विचारता नेटवर टाकावीत असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर, ज्या बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत आहे त्याला जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. म्हणजे कायद्याची अडचण नाही. स्कॅनर आणि तो चालवणारा माणूस, एवढीच अडचण. राज्य मराठी विकास संस्थेनं दोलामुद्रितांचं, म्हणजे छपाईच्या सुरुवातीच्या काळातल्या पुस्तकांचं, काम केलंय, तेव्हा हे काम तिला नवं नाही.

यासाठी मोठी समिती नेमू नये, ही कळकळीची विनंती. समितीत मान्यवर येतील, मान्यवर रहस्यकथेची व्याख्या करायला बसतील आणि तोवर आमची फळी रिकामी होईल. ग्रंथालयशास्त्र शिकलेली तीन-चार मुलं, एक जाणकार संपादक आणि राजपत्राचे जुने खंड बघण्याची परवानगी पुरे. सार्वजनिक ग्रंथालयं आपल्या विभागाकडे नाहीत, ती उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे आहेत, याची कल्पना आहे. म्हणून आपल्या बाजूनं एक पत्र ग्रंथालय संचालनालयाला जावं: सूचीचं काम होईपर्यंत १९९० पूर्वीची कोणतीही रहस्यकथा, कितीही फाटकी असली तरी, निर्लेखनाच्या यादीत घालू नये. याला पैसे लागत नाहीत.

आमच्या वाचनालयात शिल्लक असलेल्या रहस्यकथांची यादी टपालानं आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवत आहे. लेखक, नायक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत असे रकाने आहेत. सालाचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा आहे. तो राजपत्र पाहून आपल्या माणसांनी भरावा.

कळावे,
आपला,
एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यकारिणी सदस्य