सिगारेट सोडायची गोळी असते, हे डॉक्टर सांगत का नाहीत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनानिमित्त आपल्या अंकात वाचकांची पत्रं आली. ‘निर्धार पक्का असेल तर व्यसन सुटतंच’ असा सगळ्यांचा सूर. मी नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडच्या एका कारखान्यात लेथ चालवणारा टर्नर आहे, वय ५४. असा निर्धार मी सात वेळा केला. एकदा तर वडिलांच्या दशक्रियेला, रामकुंडाच्या पाण्यात उभं राहून. जवळच्याच पंचवटी कारंजापर्यंत टिकला.

माझी आई सिन्नरला विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला कापून ठेवलेली टेंभुर्णीची पानं. हजारामागे मजुरी. त्या पैशांत मी आयटीआय केलं, त्यामुळे तंबाखूला नुसत्या शिव्या घालणं मला जमत नाही. पण ३१ वर्षं दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढल्या, हेही खरं.

आमचे नेहमीचे डॉक्टर नऊ वर्षं बीपीच्या गोळ्या लिहून देत होते आणि दर वेळी ‘सिगारेट बंद करा बरं का’ म्हणत होते. बंद करायला औषध मिळतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. गेल्या थंडीत खोकला हटेना म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, ‘सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात ओढता?’ म्हटलं, चहाच्या आधी, पाच मिनिटांत. मग विचारलं, कधी फिट आली होती का, किडनीचा त्रास, मनाच्या आजाराची औषधं चालू आहेत का. आणि व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी लिहून दिली.

मशीनवाल्याच्या भाषेत सांगतो. निकोटीनची किल्ली मेंदूतल्या ज्या कुलपात बसते, त्यातच ही गोळी बसते, पण अर्धीच फिरते. तेवढ्याने तलफ दबते, आणि जागा अडलेली असल्यामुळे वरून सिगारेट ओढली तरी तिची मजा येत नाही. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक, पुढचे चार दिवस तीच सकाळ-संध्याकाळ, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमच्या दोन. एकूण बारा आठवडे. पहिला आठवडा सिगारेट चालू ठेवली तरी चालते, हे ऐकून मला हसूच आलं. सहाव्या दिवशी गेटबाहेरच्या टपरीवर, दोरीला लटकवलेल्या लायटरने नेहमीसारखी पेटवली. जळक्या पुठ्ठ्यासारखी लागली. अर्धी टाकून दिली. चांगली पेटलेली सिगारेट मी अर्धी टाकल्याचं मला तरी आठवत नाही.

सगळं गोड नव्हतं. उपाशीपोटी घेतली त्या दिवशी बेसिन धरून उभा होतो. मग बायको आधी पोहे आणि मोठा पेलाभर पाणी समोर ठेवायची. स्वप्नं तर विचारू नका, एका रात्री माझं लेथ मशीन गोदावरीच्या पुरात वाहत चाललं होतं आणि मी काठाने ‘जॉब काढा, जॉब काढा’ (म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा) म्हणत पळत होतो. बिल पाहून घरात शांतता झाली, मग मुलीने माझ्या सिगारेटचा महिन्याचा खर्च कागदावर मांडला.

या गोळीने डोकं फिरतं अशी धास्ती मलाही एकाने घातली होती. अमेरिकेत २००९मध्ये तसा कडक इशारा तिच्या माहितीपत्रकावर छापलाही होता. आठ हजारांवर लोकांवरच्या चाचणीनंतर तो २०१६मध्ये काढला. त्याच चाचणीत गोळी घेणाऱ्या शंभरातले बावीसच जण सहा महिन्यांपर्यंत सिगारेटपासून लांब राहिले. बावीस म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत ते नऊच होते.

तरीही ही चिठ्ठीशिवाय घ्यायची वस्तू नाही. आमच्या लाइनवरचा एक जण ‘तुझ्या पट्टीतल्या चार दे’ म्हणाला. त्याला लहानपणी फिट यायच्या, म्हणून दिल्या नाहीत. रागावला.

सिगारेटच्या पाकिटावर २०१८पासून १८००-११-२३५६ हा मदतीचा नंबर छापतात. मला माहीत नव्हता, कारण मी पाकीट न घेता एकेक सुटी सिगारेटच घ्यायचो. सुटी विकायला राज्यात २०२०पासून बंदी आहे, हेही टपरीवाल्याला आणि मला दोघांनाही ठाऊक नव्हतं!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. मग महापालिकेच्या दवाखान्यांत आणि कामगार विम्याच्या रुग्णालयात बीपी-शुगरच्या गोळ्यांसारखी तीही मोफत द्यावी, आणि ‘सिगारेट बंद करा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी पुढचं वाक्यही बोलावं, एवढंच म्हणणं आहे.

मी तीन जणांना मॅडमकडे पाठवलं. एकाची सुटली. एकाने मळमळीमुळे आठवड्यातच गोळ्या सोडल्या. तिसरा म्हणतोय, दिवाळी झाली की बघू.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक