आयपी पत्त्यासोबत वेळही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सायबर हल्ल्याच्या बातम्यांत हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं: 'हल्लेखोराचा आयपी पत्ता अमुक देशातील असल्याचे निष्पन्न झाले.' आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक. ते वाक्य वाचलं की गेल्या दिवाळीनंतर मी केलेला गाढवपणा आठवतो.

मी उद्यमनगरातल्या एका छोट्या मशिनशॉपचे हिशेब बघतो. मालकांना घरून टॅली बघता यावी म्हणून आम्ही रिमोट डेस्कटॉपचा (लांबून संगणक चालवायच्या सोयीचा) ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, राउटरवर खुला ठेवला होता. एके सकाळी संगणक इतका मंद, की चहा येऊन गार झाला तरी बिल उघडेना. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे संगणकाच्या नोंदवहीत, पाहिलं तर ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची ही रांग. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. रात्रभर कुणीतरी 'अ‍ॅडमिन', 'युजर', 'टॅली' अशी नावं घालून कुलूप हलवून बघत होतं.

नोंदीत आयपी पत्ता होता. तो हूइजमध्ये, म्हणजे पत्ते कुणाच्या नावावर आहेत त्याच्या जाहीर नोंदवहीत, शोधला. युरोपातल्या पत्त्यांची नोंद अ‍ॅमस्टरडॅमची राइप ही संस्था ठेवते, आपल्या बाजूच्या पत्त्यांची ब्रिस्बेनची एपनिक. हा निघाला राइपकडचा, सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीचा. लगेच कारखानदारांच्या ग्रुपवर 'आपल्यावर युरोपातनं हल्ला' टाकून मी मोकळा. मालकांना तर मनातून बरंच वाटलं, परदेशानं दखल घेतली म्हणून!

हूइज फक्त तो क्रमांक कुणाच्या नावावर आहे ते सांगतं. केएमटीची बस कुणाच्या मालकीची हे कळलं म्हणून बसमध्ये खिसा कुणी कापला ते कळत नाही. पुढे अब्यूजआयपीडीबी या अशा पत्त्यांच्या तक्रारी जमवणाऱ्या संकेतस्थळावर तोच पत्ता टाकला, तर आमच्या आधी कितीतरी जणांनी त्याची तक्रार नोंदवलेली. म्हणजे एक यंत्र दिसेल ते दार ठोठावत फिरत होतं, त्यात आमचंही दार लागलं. मालकांचा चेहरा जरा उतरला.

पत्ता ज्या कंपनीचा, तिच्याकडे तक्रार करायचा ईमेल हूइजमध्येच मिळतो. मी लिहिलं, 'रात्री २ वाजून १० मिनिटांनी'. उत्तर आलं, त्या वेळी तसं काही दिसत नाही. दिसणार कसं? मी भारतीय वेळ दिली होती, पण तसं लिहिलं नव्हतं. त्यांनी ती जागतिक वेळ धरली, म्हणजे साडेपाच तासांचा घोळ. दुरुस्ती कळवली, तिला उत्तर आलं नाही.

इथल्या इथे चौकशी करायची तर वेळेची गरज आणखी मोठी. जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही४चे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी, माणसांपेक्षा कमी. म्हणून मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. राजारामपुरीतलं पोरगं आणि उचगावातली आजी बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावर दिसू शकतात. त्यातून नेमका माणूस शोधायला सेकंदापर्यंतची वेळ लागते आणि ग्राहकाच्या बाजूचा पोर्ट क्रमांकही (त्या क्षणी त्याच्या जोडणीला मिळालेला). सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, एप्रिल २०२२ मध्ये कंपन्यांना नोंदी १८० दिवस जपायला आणि संगणकांची घड्याळं प्रमाणवेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं, ते उगाच नाही. तरी मी तक्रार द्यायला गेलो तिथे (कुठे ते राहू दे) लिहून घेणारे म्हणाले, 'वेळ नको, तारीख पुरे.'

तेव्हा आपल्या वार्ताहरांना विनंती, की पत्ता छापाल तेव्हा तो कुणाच्या नावावर नोंदलेला आहे एवढंच लिहा, देशाला आरोपी करू नका. आणि तक्रार कशी करावी अशी चौकट देता, तिथे पत्ता, पोर्ट आणि 'भारतीय वेळ' हे शब्द एकत्र येऊ द्यात.

आमचा ३३८९ आता बंद आहे, मालक व्हीपीएनवरून (सुरक्षित खासगी जोडणीवरून) टॅली बघतात. दोन क्लिक वाढले म्हणून रोज कुरकुरतात.

आपला,
एक हिशेबनीस, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर